तिसरा उशीर
सप्टेंबरचा पहिला सोमवार आला की मला चैन पडत नाही. त्या सोमवारी कॅल्क्युलसच्या तासाला हजर होते सर, आम्ही अकरा मुलं आणि उशिरा पोचलेली एक मुलगी. लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं, पावसाचा पत्ता नव्हता. तीनदा उशीर झाला की सहामाहीला बसायचं नाही, असा सरांचा नियम. हजेरी मी लिहायचो. तिचा हा तिसरा उशीर होता. “टँकरवर होते, सर,” ती म्हणाली. सरांनी विचारलं, “घरात पाणी भरायला दुसरं कुणी न्हाई का?” “आई हाय. ती तुमच्या घरचं भरायली.” सर फळ्याकडे वळले. मी हळूच विचारलं, “सर, काय लिहू?” ते म्हणाले, “वही तुझ्याकडं हाय.” मी उशीर लिहिला. ती सहामाहीला बसली नाही, नंतर कॉलेजातही दिसली नाही. आता ती मुखेडला असते, पत्ताही मिळालाय. जायचं तेवढं राहिलंय.