पंचांच्या सदऱ्यातला चेंडू

चष्म्याच्या दुकानात काचा घासणारा माणूस सुट्टीच्या दिवशी बेसबॉलचा पंच म्हणून उभा राहतो म्हटल्यावर लोक टोमणे मारणारच. "काका, एक चष्मा स्वतःलाही करा की!" हे काकांनी इतक्यांदा ऐकलं होतं, की आता ते वळूनही बघत नसत. नियम मात्र तोंडपाठ. म्हणूनच अंतिम सामन्यात एक संघ त्यांच्या जावयाचा असूनही पंच म्हणून काकाच हवेत, असं विरुद्ध संघानेच सांगितलं होतं.

शेवटचा डाव. जावयाचा संघ एका धावेने मागे. त्याचे दोन गडी दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसवर, पळायला टपलेले. चेंडू आला, टप्पा घेऊन फलंदाजामागे बसलेल्या कॅचरच्या हातावरून उसळला आणि मागे उभ्या काकांच्या छातीत असा बसला, की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"चेंडू कुठाय?" कॅचर गरागरा फिरू लागला. जमिनीवर चेंडू नाही, हवेत नाही. तेवढ्यात दोन्ही गडी धावत शेवटच्या, 'होम' बेसवर पोहोचले. दोन धावा! जावयाच्या संघाने मैदान डोक्यावर घेतलं.

काका दगडासारखे उभे. श्वास कसाबसा परत आला, तसा त्यांनी पोटावर हात ठेवला. छातीवरच्या कवचाच्या गळ्यातून आत घुसलेला चेंडू सदऱ्यात होता. त्यांनी तो बाहेर काढला.

"चेंडू अडकला, की खेळ तिथेच थांबतो," ते चेंडू उंच धरून म्हणाले. "प्रत्येकाला एकच बेस. म्हणजे तिसऱ्या बेसवरच्याची एकच धाव. बरोबरी."

जावई धावत आला. "बाबा, नियमात मुखवटा आहे, कवच आहे. सदरा कुठे आहे? आणि खेळ थांबवायला तुम्ही हातही वर केला नाहीत!"

मुद्दा खोटा नव्हता. सदऱ्याबद्दल नियम गप्पच होता. काकांनी चेंडू हातात फिरवला. मग म्हणाले, "कुणाच्या हाती लागूच शकत नाही, तो चेंडू अडकलेला. माझ्या सदऱ्यात हात कोण घालणार होतं?"

प्रेक्षकांत हशा पिकला. जावई मात्र पाय आपटत परत गेला. जादा डावात त्याचा संघ हरला.

संध्याकाळी तो तावातावाने सासरी आला. दारातच सासूबाईंची किंकाळी ऐकू आली, "अगं बाई, हे काय हो!" काकांनी सदरा काढला होता आणि छातीवर पंजाएवढा काळानिळा डाग होता. भांडायला आलेला जावई तसाच चपलांसकट आत धावला.

"बाबा... एवढं लागलं होतं? मग उभे कसे राहिलात?"

"मला तरी कुठे कळलं?" काका स्वतःच त्या डागाकडे डोळे फाडून बघत होते. "मला वाटलं, तुझी धाव कापली म्हणून छातीत दुखतंय."

जावयाने त्यांना आधार देऊन उठवलं आणि गाडीत बसवलं. दवाखान्यात एक्स-रे काढला, तर दोन बरगड्यांना तडा गेला होता.