तराजूमायचे तळहात

२००१, तान्ह्या पोळ्याचा दिवस. हजर: बाळंतीण शेवंता; तिची आई सुमन; सुमनची आई, म्हणजे गावची दाई; उपकेंद्राची नर्स मी; आणि तासाभराची एक मुलगी.

दाईला सगळे तराजूमाय म्हणायचे. बाळ दोन्ही तळहातांवर घेऊन ती वजन सांगायची आणि माझा काटा मागाहून तेच दाखवायचा. "तुह्या काट्याले एकदा माह्या हातावर तपासून घे, बाई," असं ती मला डिवचायची. त्या दिवशी पणतीला तिने दोनदा तोललं. मग म्हणाली, "पावणेदोन किलो."

काट्यानेही तेच सांगितलं. मी शेवंतावर घसरले. "खाल्लीस ना तंबाखू? नऊ महिने मला फसवलंस?"

"आईची आन, बाई. बोटबी नाई लावलं."

सुमन मध्ये पडली. "पोरीवर काऊन चिडता? खाल्ली तं मी होती, शेवंती पोटात असतांनी."

ते खरं होतं. पाचवा महिना लागला की तराजूमाय पोटुशीला आपल्या डबीतली चुन्यात मळलेली तंबाखू द्यायची. "लेकरू हलकं, तं सुटका सोपी. माय जगली पायजे. लेकरू मंग दूध पिऊन भरते." पावसाळ्यात नाला चढला की गडचिरोलीची एसटी बंद. अडलेल्या बाईला न्यायचं कुठे? तिच्या हातून एकही आई दगावली नव्हती. तान्हं किरकिरलं, तर त्याच तंबाखूचं बोट हिरडीला. मी वर्षानुवर्षं भांडले. शेवंता पहिली, जिने माझं ऐकलं.

सुमन चहा ठेवायला गेली, तेव्हा तराजूमायने विचारलं, "सुमनीच्या वेळी मी खाल्ली. सुमनीनं माह्या हातची खाल्ली. हिनं नाई खाल्ली. मंग हे काऊन?"

"विचारून सांगते," म्हणत मी वहीत लिहून घेतलं.

गडचिरोलीच्या मीटिंगला डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "ठामपणे सांगता येणार नाही, पण शक्य आहे. मुलगी आईच्या पोटात असते तेव्हाच तिच्या पुढच्या लेकरांची बीजं तिच्यात तयार झालेली असतात. आईने खाल्लेलं तिथवर पोचू शकतं."

मी जसंच्या तसं सांगितलं. लपवायला हवं होतं का, हे मला आजही कळत नाही. तराजूमायने आपले तळहात उलटसुलट पाहिले. "म्हंजे सुमनीले देल्ली, ते शेवंतीच्या पोरीलेबी देल्ली. लई लांब गेला माहा हात."

त्यानंतर तिने बाळ तोललं नाही. पोरगी रात्रंदिवस खोकायची. तराजूमाय उंबऱ्याशी बसून ऐकायची, जवळ घेत नसे. आठवडाभराने उपकेंद्रात आली आणि म्हणाली, "लिव." ज्या ज्या बाईला तिने तंबाखू दिली, तिचं आणि तिच्या लेकींचं नाव. चार पानं भरली, शेवटचं नाव पणतीचं. "ह्या पोरीइले आपन सांगू, तुमचं लेकरू हलकं होऊ शकते म्हनून. लग्नाच्या आधी."

दोन हिवाळे आम्ही घरोघर फिरलो. काही बायांनी पाणी विचारलं, काहींनी दार लावलं. एकीने तोंडावर म्हटलं, "तवा तं देव होतीस, बुढे!" तराजूमाय पुढच्या घरी गेली. तिसऱ्या हिवाळ्याआधी ती वारली.

उरलेली घरं मी केली. एक नाव राहिलं आहे. शेवंताची मुलगी आता आठ वर्षांची आहे. थंडीत तिला दम लागतो, शाळेत ती पळत नाही. तिला सांगायचं आहे. कधी, आणि पणजीचं नाव घेऊन की न घेता, ते अजून ठरलेलं नाही.