मला विचारा ना

ताईंचं काम म्हणजे अपंगांना नोकरी मिळवून देणं आणि हात बसेपर्यंत त्यांच्यासोबत राहणं. महिनाभर त्या इस्पितळाच्या धुलाईघरात एका चाळिशीच्या बाईंशेजारी चादरींच्या घड्या घालत होत्या. बाईंना शिकायला वेळ लागायचा, पण शिकल्यावर चूक नाही. मुकादम मात्र सगळं ताईंनाच विचारायचा.

"अभ्रे झाले का हिचे?"

ताई सवयीने तोंड उघडणार, तोच बाई म्हणाल्या, "मला विचारा ना, मी इथेच आहे. झालेत कधीचे."

मुकादम ओशाळला. "बरं बाई, मग टॉवेल घ्या."

ताईंना भरून आलं, जरा चुकल्यासारखंही वाटलं. ॲप्रन सोडत त्यांनी बाईंना सांगितलं, "उद्यापासून मी येत नाही."

"या की भेटायला," बाई म्हणाल्या, "पण कामाच्या वेळात नको."