गॅलरीत बांधलेला अ‍ॅम्प्लिफायर

अ‍ॅम्प्लिफायरची सोललेली तार दिसली की तो तिच्या टोकाला बोट लावायचा. स्पीकरमधून घूंऽऽ आलं की मान डोलवायचा. “बोलतोय, भाऊ. बराबर बोलतोय.” तुमच्याही ओळखीत असा एखादा असेल, ज्याला विजेची भीती कुणी शिकवलीच नाही.

बडोद्यात आम्ही एकाच कारखान्यात होतो. मी ऑफिसात, तो मीटरं दुरुस्त करायला. मेहुण्याने दुबईहून मला कीबोर्ड आणला, तेव्हा पेढे मागायला कारेलीबागेतल्या आमच्या घरी पहिला तोच हजर. पण कीबोर्डचा आवाज आमच्या हॉलपुरताच. सोसायटीच्या गणपतीत आमचा वाद्यवृंद वाजवायचा. मंडळींनी मला बजावलं होतं, शेवटच्या रांगेला ऐकू गेलं तर ठीक, नाहीतर हार्मोनियमवाल्याला परत बोलावू. मी भाड्याने अ‍ॅम्प्लिफायर ठरवायला निघालो, तर हा स्कूटरपुढे आडवा. भाड्याचा आवाज कशाला, आपण घरचा बांधू, म्हणाला.

अख्खा उन्हाळा आमच्या गॅलरीत गेला. ट्रान्सफॉर्मर त्याने स्वतः गुंडाळला. माझ्या बायकोचा अ‍ॅल्युमिनियमचा पिठाचा डबा कापून त्याचं खोकं केलं. डब्यावरून तिने बोलणी मला दिली आणि पोहे त्याला. स्पीकरमधली घरघर काही जाईना. तो कान लावून बसायचा, एखादी तार हलवायचा, पुन्हा कान. ज्या दिवशी घरघर थांबली त्या दिवशी त्याचे डोळे भरून आले. मला तो सख्ख्या भावासारखा वाटला, हे लपवत नाही.

शेवटचा हात फिरवतो म्हणून अ‍ॅम्प्लिफायर तो सुभानपुऱ्याला आपल्या घरी घेऊन गेला. कार्यक्रमाची दुपार झाली तरी पत्ता नाही. मी त्याच्या दारात जाऊन उभा राहिलो. वहिनी म्हणाल्या, “ते तर सकाळीच अ‍ॅम्प्लिफायर घेऊन पाणीगेटला गेले, गरबा वाजवणाऱ्या पार्टीकडे. तुम्हाला ठाऊक नाही?”

त्या संध्याकाळी निवेदकाचा माइक कीबोर्डला टेकवून मी वाजवलं. माइक शिट्ट्या मारत होता, मागची माणसं उठून चालली होती. पुढच्या वर्षी माझ्या जागी हार्मोनियम आली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो नेहमीसारखा चहाला आला. काल ट्रायल होती, पार्टीने नवरात्रासाठी मला अ‍ॅम्प्लिफायरसकट ठेवून घेतलं, असं खुशीत सांगू लागला.

“काल माझा कार्यक्रम होता,” मी म्हणालो.

“तुमची एक संध्याकाळ, भाऊ. त्यांच्या नऊ रात्री.”

“सांगायचं तरी.”

“सांगितलं असतं तर तुम्ही नेऊ दिला असता?”

मी त्याला निघ म्हणालो. त्याने चहा संपवला आणि गेला. पुढे गरब्यांमध्ये त्याचं मोठं नाव झालं. समोरासमोर आला की मी रस्ता बदलायचो.

परवा तो वारल्याचं कळलं. बायको म्हणाली, जाऊन या. मी चप्पल घातली, जिना उतरलो आणि फाटकातून परत फिरलो. रडू आलं, भरपूर आलं. पण त्या दारात पुन्हा उभं राहणं मला जमलं नाही.