उजवा हात, डावा हात

माझ्या वर्गातल्या मुलांना हात वर करून फसवायला मी शिकवलं. चौथीतली मुलं ती. मला कुणी तसं करायला सांगितलं नव्हतं. युक्ती माझीच होती, आणि सुचली तेव्हा मी स्वतःवर बेहद्द खूश झालो होतो.

युक्ती अशी. पाहुण्यांनी प्रश्न विचारला की सगळ्या वर्गाने हात वर करायचा. ज्याला उत्तर येतं त्याने उजवा, ज्याला येत नाही त्याने डावा. पाहुण्यांना वर्गभर हातच हात दिसतील. कुणाला उठवायचं ते मला कळेल.

हडपसरला जुन्या गावठाणाच्या मागे आमची सरकारी मराठी शाळा आहे, चौथीपर्यंतची. आसपासच्या अशा शाळांचा मिळून एक गट असतो, त्याला केंद्र म्हणतात, आणि त्याच्या डोक्यावर एक केंद्रप्रमुख असतात. त्या वर्षी आदर्श केंद्र निवडायचं ठरलं. शाळा बघायला एक पथक येणार होतं. केंद्रप्रमुखांनी आम्हाला बोलावून सांगितलं, "हे बघा, पथकाला काही वेळ नसतो. ते वातावरण बघतात. तुम्ही वातावरण तयार करा."

मग रंगारी आले. व्हरांड्यात मुळाक्षरं, जिन्याच्या पायऱ्यांवर पाढे, आणि कुठे जागा उरली नाही म्हणून मुतारीच्या भिंतीवर जगाचा नकाशा. याला आमच्यात बोलक्या भिंती म्हणतात. मुतारीच्या नळाला पाणी नव्हतं. नकाशातले समुद्र मात्र निळेशार. मुलं नाक दाबून त्या समुद्रासमोर उभी राहायची. ऑइलपेंट आणि मुतारी यांचा तो एकत्र वास आजही कुठल्या नव्या रंगवलेल्या इमारतीत शिरलो की नाकात येतो.

तिसरीचा वर्ग घेणाऱ्या बाई सदाशिव पेठेतून स्कूटरवर यायच्या. त्यांनी हेल्मेट काढता काढता भिंतींवरून नजर फिरवली आणि म्हणाल्या, "चला, भिंती बोलायला लागल्या. आता मुलांनी तोंड नाही उघडलं तरी चालेल."

मी हसलो होतो. माझी युक्ती त्यांना सांगितली तेव्हा त्या हसल्या नाहीत. "छान आहे," एवढंच म्हणाल्या. पुण्यात असं 'छान' म्हणतात तेव्हा माणसाने थांबून विचार करायचा असतो. मी केला नाही.

उलट मी ती युक्ती शिक्षण परिषदेत मांडली. केंद्रातल्या सगळ्या शाळांचे शिक्षक महिन्यातून एकदा जमतात, चहा-बिस्किटं होतात, कुणीतरी नवोपक्रम सांगतो. मी माझ्या उपक्रमाला नाव दिलं होतं, 'शंभर टक्के सहभाग'. फळ्याजवळ उभा राहून मी हात वर करून दाखवले, आधी उजवा, मग डावा. लोक हसले, टाळ्या वाजल्या. मागच्या बाकावरून एका नव्या शिक्षिकेने विचारलं, "सर, पण डाव्या हातवाल्यांचं नंतर काय करायचं?"

मी म्हणालो, "त्यांना हात वर करता आला ना? मग झालं तर."

सभागृह खो खो हसलं. ती शिक्षिका लाजून खाली बसली. माझं हे वाक्य मला शब्दन् शब्द आठवतं आणि आठवलं की स्वतःची किळस येते. केंद्रप्रमुखांनी त्याच बैठकीत सांगितलं की हा उपक्रम सगळ्या शाळांनी राबवावा. राबवला सगळ्यांनी. म्हणजे घाण माझ्या एका वर्गापुरती राहिली नाही, केंद्रभर वाहिली.

पथक आलं. आमच्या वर्गात एक साहेब, एक मॅडम आणि फोटो काढणारा एक माणूस आले. मॅडमनी फळ्यावर वाक्य लिहिलं आणि विचारलं, "कोण वाचणार?" सगळे हात वर. त्या एक पाऊल मागे सरकल्या. "अरे वा! काय उत्साह आहे!" मी उजव्या हातांमधून एकेक नाव घेत गेलो. वाचन खणखणीत झालं. खिडकीजवळच्या बाकावर एक मुलगी होती. तिचा डावा हात कानाला चिकटून सरळ वर होता, सगळ्यांत ताठ. माझ्याकडे बघून ती हसत होती, कारण मी सांगितलेलं ती बरोबर करत होती.

साहेबांबरोबरच्या माणसाने तेव्हा फोटो काढला.

ही मुलगी यवतमाळकडची. वडील एका कारखान्यात, आई आयटी पार्कमध्ये साफसफाईच्या कामावर. दिवाळीच्या आधी पालकसभेला आई आली होती. "सर, हिले शिकवणी लावू का? वाचाले लय अडखळते." मी वही तपासत होतो, वर न बघताच म्हणालो, "काही गरज नाही ताई. वर्गात हात पहिला तिचाच वर असतो." ती बाई समाधानाने गेली. पथक येऊन गेल्यावरही वर्गात ही हातांची सवय चालूच राहिली होती, आणि मलाही ती सोयीची वाटत होती. रोज मला दिसत होतं कुणाला येत नाही ते. ज्यांचा डावा हात वर, त्यांना मी उठवत नव्हतो. तास भराभर पुढे सरकत होता.

आमचं केंद्र आदर्श ठरलं. शाळेच्या मैदानात मांडव पडला. मुलं उन्हात मांडी घालून बसलेली आणि पाहुण्यांच्या खुर्च्यांवर पंखे. आल्या-गेल्या प्रत्येकाचा सत्कार, सत्कार करणाऱ्यांचाही सत्कार. शाल, नारळ, शाल, नारळ. एका पाहुण्यांनी भाषणात विचारलं, "सांगा मुलांनो, तुमची शाळा कशी?" मुलांनी पढवल्याप्रमाणे ओरडून सांगितलं, "नंबर वन!" मलाही शाल मिळाली. प्लास्टिकसारखी चरचरीत, मानेला खाज आणणारी. मी ती काढली नाही, फोटो व्हायचे होते.

फाटकावर मोठा फ्लेक्स लावला होता. वर पाहुण्यांचे चेहरे, खाली माझा वर्ग हात वर करून. 'आमचे केंद्र, आदर्श केंद्र. इथे प्रत्येक मूल शिकते.' फोटोत सगळ्यांत पुढे, खिडकीच्या उजेडात, तीच मुलगी.

समारंभ संपल्यावर मी पेढा तोंडात टाकून फाटकाकडे आलो तर तिची आई फ्लेक्ससमोर मोबाइल धरून उभी. अर्धा दिवस सुट्टी काढून आली होती. मला बघून म्हणाली, "सर, या न! गावाकडं व्हिडिओ धाडतो. माही सासू म्हणत होती पुण्यात जाऊन पोरगी काय दिवे लावते, तं आता पाह्य म्हणावं." आणि मुलीला, "हं, वाच. तुह्या फोटोखाली काय लिवलं हाय ते मोठ्यानं वाच."

मुलगी फ्लेक्सकडे बघत राहिली. "आ," ती म्हणाली. मग "म". मग काही नाही.

"अवं वाच न! लाजते काहून?"

मुलीने माझ्याकडे पाहिलं, आणि हळूच डावा हात वर केला.

"हात काहून वर करते वं?" आई हसत म्हणाली. "फोटो नाही काढून रायलो, वाच म्हटलं!"

त्या फाटकाजवळ आम्हा दोघांनाच त्या हाताचा अर्थ माहीत होता. तोंडातला पेढा गिळवेना. साखरेचा लगदा जिभेवर बसला होता. आणि मी काय केलं? मी म्हणालो, "लाजते आहे ती, ताई. गर्दी आहे ना." आईने व्हिडिओ बंद केला, मुलीच्या पाठीत लाडाने धपाटा घातला आणि दोघी गेल्या. मी मागच्या नळावर जाऊन पेढा थुंकला. चूळ भरायला नळ सोडला, तर पाणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मी वर्गात सांगितलं, "आजपासून ज्याला येत नाही त्याने हात वर करायचा नाही. तसाच बसून राहा, मी येईन तुमच्यापाशी." मुलं एकमेकांकडे बघायला लागली. एकाने घाबरून विचारलं, "सर, परत पथक येणारे का?"

परीक्षा तोंडावर आली होती. चौथी झाली की ही मुलं दुसऱ्या शाळेत पाचवीला जाणार होती. तिथे त्या मुलीचा डावा हात म्हणजे नुसता एक हात. तिथले शिक्षक खुशीने तिला उठवतील, तिला वाचता येणार नाही, आणि सगळा वर्ग हसेल. तिच्या प्रगतिपत्रकावर मीच चांगला शेरा लिहून पाठवणार होतो. या मुलांना शाळा सुटल्यावर आणि सुट्टीतही वाचायला बसवायचं तर आधी घरी खरं सांगावं लागणार होतं.

केंद्रप्रमुखांना फोन केला. म्हटलं, मला पालकांना खरं सांगायचं आहे, आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत या मुलांना शाळेत बसवायची परवानगी हवी आहे. ते म्हणाले, "सर, बरं नाही का तुम्हाला? गौरव झाल्यावर कुणी असं करतं का? सगळ्या केंद्राचं नाव आहे." मी म्हणालो, साहेब, केंद्राचं नाव कशावरून करायचं हेच आपलं चुकलं आहे. ज्या शाळेत मुलाला 'मला येत नाही' असं बेधडक म्हणता येतं आणि त्यानंतर कुणीतरी त्याच्याजवळ जाऊन बसतं, तिच्यासाठी मांडव घाला. ते म्हणाले, "हे भाषण मांडवात केलं असतं तर टाळ्या पडल्या असत्या." परवानगी दिली नाही. नकोही म्हणाले नाहीत.

शिक्षकांच्या खोलीत मी तिसरीच्या बाईंना म्हणालो, "माफी मागावी म्हणतो."

"कुणाची? पथकाची? ते तर जेवून गेले. पुरणपोळी आवडली त्यांना."

"बाई, खरंच विचारतोय."

त्यांनी डबा बंद केला. "अहो, मग इथे काय बसलाय? पत्ता माहीत नाही का?" आणि डबा पिशवीत ठेवत, माझ्याकडे न बघता, "तुम्ही सांगितलंत तेव्हा मी 'छान' म्हणाले होते. करू नका म्हणायला हवं होतं. माझ्याही वर्गात केलं मी तेच."

रविवारी मी बिबवेवाडीच्या माझ्या घरून त्या मुलीच्या घरी जायला निघालो. त्यांची खोली एका चाळवजा इमारतीत, दाराशी चपला, आत कुकरची शिट्टी. आईने मला बघून घाईने पदर सावरला. तिला वाटलं, बक्षिसाचं काही असेल. "या सर, बसा. चहा टाकतो."

मी चहा नको म्हणालो आणि उभ्यानेच सगळं सांगितलं. उजवा हात, डावा हात, फ्लेक्स, शिकवणी नको म्हणालो ते. सांगताना मध्ये थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा काहीतरी गोड बोललो असतो.

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. "म्हंजे फाटकापाशी हात वर करत होती ते..." ती मुलीकडे वळली. मुलगी कोपऱ्यात दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. आई माझ्याकडे वळली तेव्हा तिचा चेहरा बदलला होता. "गावाकडं फोटो धाडला न मी सर. साऱ्या गावाले दाखवला. तुमाले समजत होतं, रोज समजत होतं, आन तुमी गप रायले? आमी अडाणी, आमाले कसं कळन? म्हून तं तुमाले इचारलं होतं!"

मी मान हलवली. "उद्यापासून शाळा सुटल्यावर रोज मी तिला वाचायला शिकवीन," मी म्हणालो, "आणि उन्हाळ्यातही. तिच्याबरोबर आणखी मुलं आहेत, त्यांच्याही घरी जाणार आहे."

"ते तुमी कराच," ती म्हणाली. "पन आधी हिच्याशी बोला. मले काय सांगता? मी काय हात वर केला होता?"

मी मुलीसमोर जमिनीवर बसलो. तिने दप्तर जवळ ओढलं. माझ्या वर्गात वर्षभर बसलेल्या मुलीशी एकटीशी बोलायची ही माझी पहिलीच वेळ होती. म्हणालो, "बाळ, तुला येत नव्हतं, ते तू मला रोज खरं खरं सांगत होतीस. चूक तुझी नव्हती. शिकवणं माझं काम होतं आणि मी तुला शिकवलं नाही. मी तुला फसवलं. मला माफ कर."