पिवळ्या दिव्याचं टोपडं

विमान उतरलं तेव्हा डाव्या चाकात चिंचेचा पाला अडकलेला होता. कॅप्टन राजाध्यक्षांनी इंजिन बंद केलं, पण ते खाली उतरेनात. मी पंखावर चढून आत पाहिलं. ते पट्टा न सोडता समोर बघत बसले होते.

“तो दिवा एकदम डोळ्यांत आला,” ते म्हणाले. “मग काहीच दिसेना. झाड दिसलं ते अगदी जवळ आल्यावर.”

तो दिवा आदल्या दिवशी मीच बसवला होता.

ही साठ सालानंतरची गोष्ट. कापसावर विमानातून औषध फवारायला आमची कंपनी शहादा तालुक्यात आली होती. ब्राह्मणपुरीजवळ एका गुजर शेतकऱ्याच्या पडीक जमिनीवर आम्ही धावपट्टी आखली होती. विमान एक, पायलट एक. मी ग्राउंड इंजिनिअर, म्हणजे विमान उडण्यालायक आहे अशी रोज सही करणारा माणूस.

कॉकपिटमध्ये पायलटच्या समोर एक पिवळा इंडिकेटर होता. औषधाच्या टाकीत एक तरंगता गोळा असतो. औषध तळाला गेलं की गोळा खाली येतो आणि दिवा लागतो. मग पायलटने फवारा बंद करून परत यायचं. आज अशा ठिकाणी एलईडी असतो. तेव्हा बोटाच्या पेराएवढा काचेचा बल्ब आणि त्यावर पिवळी काच असायची.

वारा पडलेला असतो म्हणून फवारणी सूर्योदयाच्या आधी सुरू व्हायची आणि आठ-साडेआठपर्यंत चालायची. सूर्य वर आला की ऊन थेट त्या पिवळ्या काचेवर पडे. दिवा लागलाय की नुसतं ऊन चमकतंय, ते कळत नसे. टाकी रिकामी झाल्यावरही कॅप्टन दोन फेऱ्या कोरड्याच मारून आले. शेतकऱ्यांनी मला हात धरून शेतात नेलं आणि अळ्या जिवंत असलेले पट्टे दाखवले. कॅप्टन म्हणाले, मोठा बल्ब टाक. मी तिप्पट ताकदीचा टाकला. भर दुपारी तपासला, छान दिसला. पहाटेच्या अंधुक उजेडात तो कसा दिसेल, हे मी पाहिलंच नाही.

कॅप्टननी मला बोल लावला नाही. “मी मागितला, तू दिलास,” एवढंच म्हणाले आणि चाकातला पाला स्वतः काढू लागले. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मी उड्डाण बंद ठेवलं.

बल्ब मंद करायचा साधा उपाय म्हणजे रेझिस्टन्स. वीज जाण्याच्या वाटेत अडथळा घालायचा, की दिवा मंदावतो. बटण फिरवून हवा तेवढा कमी-जास्त करता येतो. पण पिकावरून पुरुषभर उंचीवर उडणाऱ्या माणसाचा एक हात विमान चालवायच्या स्टिकवर, दुसरा फवाऱ्याच्या दांड्यावर. बटण फिरवायला तिसरा हात आणायचा कुठून?

त्याच दुपारी माझे वडील आले. आम्ही मूळचे रनाळ्याचे. नाना रेल्वेत सिग्नलच्या बत्त्या सांभाळायचे. रोज शिडी चढून वात कापायची, तेल भरायचं, काच पुसायची. आता रिटायर होते आणि दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू वाढत होता. तरी नंदुरबारला एसटी बदलून, आईने दिलेल्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी घेऊन एकटेच आले होते. मी जेवत नाही हे पाहून त्यांनी कारण विचारलं. मी सांगितलं.

त्यांनी भाकरीचा तुकडा माझ्या हातात दिला. मग म्हणाले, “सिग्नलना दिवा उजेड पाडासाठे नई ऱ्हास, भाऊ. तो फक्त दिखाले पाहिजे. वात वाढाई का काच काई व्हस. त्यापेक्षा त्याले टोपडं घाल.”

ऊन समोर आलं की ड्रायव्हर तक्रार करायचे, दिवा दिसत नाही. वात वाढवली तर काच काजळायची. म्हणून नाना दिव्यापुढे पत्र्याचं टोपडं लावायचे. ऊन अडलं की तोच लहान दिवा दिसायचा.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघांनी तुपाच्या डब्याच्या पत्र्याची एक आखूड नळी केली. आतून कंदिलाच्या काजळीने काळी केली. जुना लहान बल्ब तिच्या तळाशी बसवला आणि तोंड पायलटच्या डोळ्यांकडे वळवलं.

तपासायला कोण? नानांना साध्या कंदिलाकडेही बघवत नसे, डोळ्यांतून पाणी यायचं. त्यांना टोचला नाही तर कुणालाच टोचणार नव्हता. आणि अशा डोळ्यांना उन्हात दिसला तर कुणालाही दिसला असता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी त्यांना काखेत धरून पंखावर चढवलं. ते किती हलके झालेत ते मला तेव्हा कळलं. कॅप्टननी आपला मफलर त्यांच्या गळ्याभोवती गुंडाळला आणि थर्मासच्या झाकणात चहा दिला. मी टाकीतला गोळा हाताने वर-खाली करत होतो. नाना प्रत्येक वेळी दिवा लागला की सांगायचे. उजाडलं, ऊन काचेवर आलं. दोनदा त्यांना दिसला नाही. मी नळी बोटभर वाढवली.

“आते दिखस,” ते म्हणाले. “डोयाले टोचत बी नई.”

आठपर्यंत ते तिथेच बसून होते. उतरताना डॅशबोर्डवरून एकदा हात फिरवला आणि विचारलं, “हाई सगयं तुले समजस?”

मी हो म्हणालो. ते खूश झाले.

विमानात केलेला कुठलाही बदल मंजूर करून घ्यावा लागतो. मी शहाद्याच्या पोस्टातून मुंबईला चीफ इंजिनिअरना ट्रंक कॉल लावला आणि दिव्याला हूड, म्हणजे टोपडं, लावल्याचं सांगितलं.

“हूड कुठल्या कंपनीचा?” त्यांनी विचारलं.

“कंपनीचा नाही, साहेब. इथेच केलाय.”

“कुणी?”

“माझ्या वडिलांनी. रेल्वेच्या सिग्नलवर होते.”

मग ते म्हणाले, “मी येईपर्यंत उडू नका.”

ते तिसऱ्या दिवशी आले. पहाटे एकदा आणि उन्हात एकदा कॉकपिटमध्ये बसले, नळी ओढून पाहिली, चार स्क्रू जास्त लावायला सांगितले आणि सही केली. राहिलेला हंगाम कॅप्टननी एकही कोरडी फेरी मारली नाही. पुढच्या वर्षी कंपनीच्या सगळ्या विमानांना तसंच टोपडं लागलं. ड्रॉइंगवर ‘डिझाइन’च्या रकान्यात मी नानांचं नाव लिहिलं होतं. साहेबांनी ते खोडलं नाही. मी एक प्रत रनाळ्याला नेली. नानांना इंग्रजी येत नव्हतं आणि आता अक्षरही दिसत नव्हतं. मी त्यांचं बोट धरून नावावर ठेवलं आणि साहेबांनी जास्त लावायला सांगितलेल्या स्क्रूंचंही सांगितलं. त्यांनी विचारलं, चार स्क्रू कशाला? दोन पुरतात.

नंतरची कित्येक वर्षं मी हाताखालच्या पोरांना एकच सांगत आलो. दिवा दिसत नसेल तर आधी ऊन अडवा, बल्ब नंतर बदला. आणि बदललाच, तर पहाटे उठून एकदा बघा.