जावयाचा चाकू

आमच्याकडे हळद लागली की नवरदेवाच्या हाती लोखंड पाहिजे. कोणी कुणाची कट्यार मागून आणतो, कोणी घरातला अडकित्ता धरतो. टोकाला लिंबू खुपसलं की झालं काम. आमच्या ह्यांना मात्र स्वतःच चाकू बनवायची दुर्बुद्धी सुचली. आणि त्याला कारण माझे बाबा.

बाबांची सौंसरजवळ मोहगावच्या रस्त्याला संत्र्याची बाग. हे पांढुर्ण्याला शाळेत मास्तर. लग्नाच्या बैठकीत बाबांनी ह्यांचा तळहात उलटासुलटा करून पाहिला, बाजारात बैल पाहतात तसा, आणि म्हणाले, "या हातानं खडूबिगर काही धरलं नाही वाटते." सगळे हसले. हेही हसले, पण ते त्यांच्या जिव्हारी लागलं. आता सासऱ्याला हात दाखवल्याशिवाय त्यांना चैन पडणार नव्हतं.

भंगारातून एक झिजलेली कानस आणली. ती चुलीत लाल करून ठोकली, घासली, पुन्हा ठोकली. मूठ शाळेतल्या मोडक्या बाकाच्या पायाची, आणि खिळे फुटक्या छत्रीच्या काड्या तोडून केलेले. "तेव्हा आमच्या घरी सैपाक कमी अन् ठोकाठोक जास्त होती," असं सासूबाई मला पुढे सांगायच्या. चाकू दिसायला मात्र देखणा झाला होता, खोटं कशाला बोलू.

वरात मंडपाच्या दारात आली तेव्हा लिंबू पिवळ्या दोऱ्यानं चाकूला बांधलेलं होतं.

"लिंबू बांधलं काहून जी?" बाबांनी विचारलं.

ह्यांचे मामा खाली पाहत म्हणाले, "टोक शिरून नाही राहिलं."

बाबांनी दोरा सोडला आणि लिंबू टोकावर दाबलं. लिंबू चेपलं, पण फुटलं नाही. "मास्तर," बाबा म्हणाले, "लिंबाले गुदगुल्या होऊन राहिल्या." अख्खा मंडप खो खो हसला. मी आत मुंडावळ्या बांधून बसले होते, मलाही हसू आवरेना. मग ह्यांची दया आली, आणि त्यानंतर बाबांचा असा राग आला की सप्तपदीत मी त्यांच्याकडे पाहिलंच नाही.

सासरी तो चाकू स्वयंपाकघरात खिळ्याला लटकायचा. भाजी आम्ही विळीवरच चिरायचो. रविवारी हे हट्टानं त्यानं कांदा कापायला बसायचे. कांदा निसटून माठाखाली जायचा आणि हे त्याच्यामागे रांगायचे. रॉकेलच्या डब्याचं झाकण उचकटायला मात्र तो छान होता, हे मी त्यांना सांगितलं तर दिवसभर बोलले नाहीत.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी गेले. मुलगी झाली. तान्ह्या लेकराच्या उशाखाली लोखंड ठेवायची आमची रीत. आईनं विळा आणला तर बाबा अंगावर आले. "माझ्या घरातलं सारं हत्यार धारेचं आहे. पोरीले लागन त! मास्तरचा चाकू मागवा, त्याच्यानं लिंबूबी नाही कापल्या जात." आणि पांढुर्ण्याला जाणाऱ्या शेजाऱ्याजवळ निरोप दिला.

शेजाऱ्यानं अर्धाच निरोप पोचवला. सासऱ्यानं तुमचा चाकू मागितला, एवढाच. हे तर हरखूनच गेले. सासरे चाकू मागून राहिले म्हणजे काय! लोहाराकडे जाऊन चूक विचारली, चाकू पुन्हा लाल केला, सासूबाईंच्या पाण्याच्या बादलीत बुडवून कडक केला, आणि रात्रंदिवस दगडावर घासत बसले.

रविवारच्या बसनं हे आले. पेपरात गुंडाळलेला चाकू बाबांच्या पुढ्यात ठेवला. बाबांनी गमतीनं त्याच्यावरून अंगठा ओढला, नेहमीसारखा, बेफिकीर. धोतरावर रक्ताचे थेंब पडले.

कोणीच हसलं नाही. ह्यांचा चेहरा पांढराफटक पडला. "लागलं का जी?"

"लागन नाही त काय?" बाबा अंगठा तोंडात धरून म्हणाले. मग दुसऱ्या हातानं त्यांनी ह्यांचा तळहात ओढला आणि उलटा केला. तिथं फोड येऊन फुटले होते. बाबा आईला म्हणाले, "मास्तरच्या हाताले हळद लाव."

पोरीच्या उशाखाली शेवटी आईनं लोखंडी उलथणं ठेवलं. चाकू बाबांनी आपल्या कमरेला खोचला. निघताना हे मला हळूच म्हणाले, "माझा चाकू?" मी म्हटलं, जा, मागा तुम्हीच. त्यांची काही हिंमत झाली नाही.

बाबा असेपर्यंत तो त्यांच्याच कमरेला होता. बागेत व्यापारी आले की बाबा त्यानंच संत्र्याच्या फोडी करून देत. आणि कोणी चाकूकडे हात नेला की बजावत, "हात नको लावू, कापल्या जाईल. जावयानं बनवला आहे."